चहाला नाही म्हणणारा

माणूस पारखायची आमच्या बाबांची एकच कसोटी आहे. चहा. समोरच्याने चहा घेतला तर माणूस चांगला, नाही घेतला तर त्याच्या मनात काहीतरी आहे. माझ्यासाठी स्थळं बघत होते तेव्हा एका मुलाने चहा अर्धा ठेवला म्हणून त्यांनी ते स्थळ परत पाठवलं. माझ्या नवऱ्याने दोन कप घेतले आणि लग्न ठरलं. नवरा म्हणतो, पहिला कप गार होता म्हणून दुसरा घेतला, पण हे बाबांना सांगायची त्याची अजून हिंमत झालेली नाही.

तर घर विकायचं ठरलं तेव्हा एजंटसुद्धा चहावरच निवडला गेला, यात नवल नाही. नवल पुढे आहे. ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आमचं घर म्हणजे इंदिरानगरातलं जुनं रो-हाउस. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या आणि बाथरूम, मध्ये उभा, अरुंद जिना. सातपूरच्या एका कारखान्यात ओव्हरटाइम करकरून बाबांनी ते घेतलं होतं. आई गेल्यापासून ते तिथे एकटेच. मागच्या पावसाळ्यात एकदा पहाटे ते जिन्यावरून घसरले. फोन वर उशाशी, बाबा खाली पायरीवर, पाय मुरगळलेला. दूधवाल्याला आतून आवाज ऐकू आला, त्याने शेजारून किल्ली आणून दार उघडलं, तेव्हा बाबा त्याला म्हणाले, "थांब, चहा टाकतो." हे मला दूधवाल्याने सांगितलं. बाबांनी सांगितलंच नव्हतं.

मी तेव्हापासून मागे लागले, माझ्याकडे राहायला या. मी राहते पंचवटीत, मखमलाबाद रोडला, लिफ्ट असलेल्या इमारतीत. बाबांचं ठरलेलं उत्तर, "लेकीच्या घरी पाहुणा म्हणून जावं, मुक्काम करू नये." सगळं जग बदललं तरी हे वाक्य काही बदलत नाही. मग अचानक मार्ग निघाला. माझ्या बरोबर खालच्या मजल्यावरचं जोडपं मुलाकडे पुण्याला कायमचं निघालं. मी त्यांना म्हटलं, बाबांचं घर विकलं गेलं की तुमचं आम्हीच घेतो, थोडं थांबा. ते म्हणाले, "दसऱ्यापर्यंत नक्की थांबतो. तुमच्याशिवाय कोणाला देणार?" बाबा येऊन घर बघून गेले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून हवा येते का बघितलं, आईचं शिलाई मशीन कुठे मावेल ते हाताच्या विती घालून मोजलं आणि म्हणाले, "लेकीच्या घरात नाही, लेकीच्या खाली. हे चालेल."

एवढंच करायचं होतं. इंदिरानगरचं विकायचं आणि दसऱ्याच्या आत इथे यायचं.

पहिला एजंट नवऱ्याच्या मित्राने पाठवला. तो हेल्मेट काखेत धरून आला आणि जाईपर्यंत त्याने ते खाली ठेवलं नाही. बाबांनी दारातच विचारलं, "चहा चालेल ना?"

"नको."

"मग सरबत?"

"काही नको. घर बघू."

बाबांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि समजले, हा गेला. हेल्मेटवाल्याला त्याचं काही नव्हतं. त्याने स्वयंपाकघरातला दिवा लावून बघितला, बंद करून बघितला. वर मागच्या खोलीत जाऊन लाकडी कपाट एका खांद्याने सरकवलं आणि भिंतीवर तळवा ठेवला. "ओल आहे. वरच्या टाकीची असणार. आधी हे करून घ्या, मग रंग काढा. असंच दाखवलं तर पडून राहील."

"माणसं राहतात या घरात," बाबा म्हणाले. "पडून राहील काय?"

"आणि काका, गिऱ्हाईक येईल तेव्हा तुम्ही घरी थांबू नका. किल्ली माझ्याकडे द्या. मालक समोर असला की माणसं मोकळेपणी बघत नाहीत."

झालं. बाबांनी त्याला गेटपर्यंतसुद्धा सोडलं नाही. दार लावून घेतलं आणि माझ्यावरच उखडले, "माझ्या घरात माणसं येणार आणि मी त्यांना पाणी विचारायला हजर नसणार? दुकान आहे का हे?" मलाही तो माणूस आवडला नव्हता. कोणाच्या घरातलं कपाट असं न विचारता हलवतात का? बोलायची काही रीत असते.

दुसरा मात्र रीत घेऊनच जन्माला आला होता. तो बाबांच्या भिशीतल्या एका मित्राच्या ओळखीचा, येवल्याकडचा. बाबांचं मूळ गावही तिकडचं, त्यामुळे अर्धं काम दारातच झालं. आल्याआल्या तो वाकून बाबांच्या पाया पडला. आईच्या फोटोसमोर हात जोडून क्षणभर उभा राहिला. मग सोफा सोडून सरळ खाली सतरंजीवर मांडी घालून बसला, चहा बशीत ओतून प्यायला आणि म्हणाला, "काका, आलं घालता का हो तुम्ही? आमच्या घरी अस्साच लागतो. अजून अर्धा कप मिळेल?"

बाबा अर्धा नाही, पूर्ण कप घेऊन आले. बरोबर चिवडा आणला. बाबांचा पातळ पोह्यांचा चिवडा हा आमच्याकडे आईच्या पश्चात टिकून राहिलेला एकमेव पदार्थ. त्याने बशी चाटूनपुसून साफ केली. घर त्याने बसल्याजागीच बघितलं म्हणायला हरकत नाही. मी भिंतीची ओल दाखवायला गेले तर म्हणाला, "ताई, काहीसुद्धा करू नका. आहे तसं ठेवा. या घराला घरपण आहे. आणि घाई नका करू, किंमत जरा वरच धरू. तुमच्या घामाचं आहे हे काका."

बाबांचे डोळे भरून आले. माझेही, खोटं कशाला सांगू. साखर पेरणारी माणसं आपल्याला ओळखू येतात असं आपल्याला वाटत असतं. आपल्याच बशीत पेरली की येत नाहीत.

आणि मग चहाचा तिसरा कप होईपर्यंत आम्ही बापलेकींनी त्याला सगळं सांगितलं. जिना, घसरणं, माझ्या खालचं घर, पुण्याला गेलेलं जोडपं, दसऱ्याचा वायदा. घरच्या माणसापासून काय लपवायचं? तो मान हलवत ऐकत होता. "काकांना लिफ्टच्या घरात नेऊन बसवायची जबाबदारी माझी," म्हणाला. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "बघ. असा असतो माणूस."

त्यानंतर दर रविवारी गिऱ्हाइकं यायला लागली. आणि काय सांगू, बाबांना नवी पालवी फुटली. शनिवारी ते भद्रकालीच्या बाजारातून पोहे, दाणे, खोबरं आणत. चिवडा करत. रविवारी सकाळी दाढी, इस्त्रीचा सदरा, दाराशी पाण्याचा तांब्या. एजंट कोणाला ना कोणाला घेऊन येई. नवरा-बायको, सासू, लहान पोरं. बाबा सगळ्यांना बसवत, खायला घालत, गावाची चौकशी करत. मला फोनवर सगळं सांगत. "आजचे फार भले होते. बाईंनी चिवड्याची कृती लिहून घेतली. त्यांना घर आवडलंय, बघ तू."

पुन्हा कोणी येत नसे. मी एजंटला विचारलं की तो म्हणे, "ताई, माणसं विचार करतायत. घर म्हणजे भाजी आहे का?" गणपती झाले. मग पितृपक्ष लागला, तो म्हणाला आता कोणी व्यवहाराचं बोलत नाही, नवरात्रात बघू. मला ते पटलं. आमच्याकडे पितृपक्षात कोणी साधी कढई घेत नाही, घर कुठून घेणार?

नवरात्रात एके दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत मी डबा उघडून बसले होते. आमची शाळा दोन सत्रांत भरते. मी दुपारची. सकाळच्या सत्रात एक नवीन बाई आल्या होत्या, मालेगावकडच्या, नाशकात बदली झालेल्या. आमची ओळख येताजाता हसण्याइतकीच. त्या दिवशी त्या थांबल्या होत्या, हातात पेढ्यांचा पुडा. सगळ्यांना वाटत वाटत माझ्यापर्यंत आल्या.

"मॅडम, तुम्हाला दोन पेढे. आपण आता शेजारी होणार! घर घेतलं आम्ही. तुमच्याच इमारतीत, तुमच्याच खाली. घटस्थापनेला टोकन देऊन आलो, तेव्हा खाली पाटीवर तुमचं नाव वाचलं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. माझ्या खाली एकच घर रिकामं होतं आणि ते बाबांचं होतं. मी म्हटलं, "खाली म्हणजे?"

"तुमच्या बरोब्बर खाली. ते पुण्याचे लोक आहेत ना, त्यांचं."

पेढा माझ्या हातात तसाच. त्या माझ्या शेजारी बसल्या आणि आनंदाच्या भरात सांगायला लागल्या. "आम्ही तर दमून गेलो होतो मॅडम. पण एजंट फार हुशार मिळाला. तो म्हणाला, आधी तुम्हाला एक जुनं घर दाखवतो, ते घ्यायचं नाही, फक्त बघायचं. म्हणजे दुसऱ्याची किंमत कळेल. आणि खरंच हो! त्या पहिल्या घरात असा उभा जिना, भिंतीला ओल, स्वयंपाकघरात अंधार, आणि किंमत ऐकाल तर चक्कर येईल. तिथून इथे आलो तर स्वर्गच वाटला."

नाशकात ओल धरलेल्या भिंती पुष्कळ आहेत, असं मी स्वतःला सांगितलं. उभे जिने तर घराघरांत आहेत.

"पण तिथले आजोबा मात्र गोड," त्या हसून म्हणाल्या. "एकटेच असतात बिचारे. काय आग्रह, काय आग्रह! पातळ पोह्यांचा चिवडा केला होता. एजंट आम्हाला रिक्षातच म्हणाला होता, तिथे पोटभर खाऊन घ्या, पण घराला हो म्हणू नका."

मी पाण्याची बाटली उघडली, ती साडीवर सांडली. त्या बाई रुमाल काढून पुसायला लागल्या. त्यांचा चेहरा इतका निर्मळ, इतका खूश होता. "अभिनंदन," मी म्हटलं. पेढा खाल्लासुद्धा.

दर रविवारी. पोहे, दाणे, खोबरं, इस्त्रीचा सदरा. माझा बाप दर रविवारी दाढी करून बसत होता, आणि तो माणूस आमचं घर विकायला आणत नव्हता, नापसंत करायला आणत होता. मला हे एका वेळी समजत नव्हतं. तुकड्यातुकड्याने समजत होतं आणि प्रत्येक तुकड्याला नव्याने धक्का बसत होता. किंमत वर का धरायची होती ते समजलं. भिंतीला हात का लावायचा नव्हता ते समजलं. त्या तासाला मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही.

शाळा सुटल्यावर मी पुण्याला फोन लावला. पलीकडून खालच्या घराच्या मालकीणबाई आधी हसल्या आणि मग गांगरल्या. "अहो, पण तुमच्याच एजंटने आणलं ना गिऱ्हाईक! तो म्हणाला, ताईंचा विचार बदललाय, त्यांच्या वडिलांना इंदिरानगर सोडवत नाही, पण त्यांना तुम्हाला सांगायला अवघड वाटतंय."

"तुम्ही मला एक फोन करायचा."

"आम्हालाही अवघड वाटलं. म्हटलं, तुम्हाला कशाला ओशाळवाणं करा."

एकमेकांना अवघड वाटू नये म्हणून आपण आयुष्यभर तोंडं मिटून बसतो, आणि ज्याला कसलंच अवघड वाटत नाही तो मधून माल घेऊन जातो.

मी तशीच एजंटच्या ऑफिसात गेले. मनात शिव्यांची माळ तयार होती. तो खुर्चीतून उठला, "या ताई, बसा," म्हणाला आणि बाहेर बघून चहाची खूण केली. चहा आला. आणि मी तो घेतला! हात आपोआप पुढे गेला. या एका गोष्टीसाठी मला स्वतःचा आजही संताप येतो. हातात कप असला की ओरडता येत नाही.

"तुम्ही आमचं घर लोकांना नको म्हणायला दाखवत होतात," मी म्हटलं.

मला वाटलं होतं तो नाकारेल. नाही तर निदान खाली बघेल. त्याने दोन्हीतलं काही केलं नाही. "ताई, प्रत्येक एजंटकडे असं एक घर असतंच," तो समजुतीने म्हणाला. "आधी ते दाखवायचं, मग चालणारं. हा धंद्याचा भाग आहे. कोणी हो म्हटलं असतं तर मी विकलंच असतं की. मला काय दलाली नकोय?"

"आणि खालचं घर? ते आमच्यासाठी थांबलं होतं हे तुम्हाला माहीत होतं."

"शब्दावर थांबलं होतं. टोकन कुठे दिलं होतं तुम्ही?"

"तुम्ही बाबांच्या पाया पडला होतात."

"आजही पडेन. मोठे आहेत ते." मग तो थोडा पुढे झुकला, आणि पुढचं वाक्य त्याने अगदी मायेने म्हटलं. "खरं सांगू ताई? काका एकटे असतात. त्यांना माणसं लागतात. मी त्यांना दर रविवारी माणसं आणून दिली. तुम्ही महिन्यातून कितीदा जाता?"

केसाने गळा कापणं हे मी मुलांना वाक्प्रचार म्हणून शिकवते. वाक्यात उपयोग करा. मी कप टेबलावर ठेवला आणि बाहेर आले. रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली तेव्हा कुठे मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं, रागाचं होतं.

त्याचं येणं मी बंद केलं. पण बाबांना सांगू काय? खालचं घर गेलं एवढं सांगितलं. "पुण्याच्यांना थांबता आलं नाही," म्हटलं. बाबा म्हणाले, "असू दे. दुसरं मिळेल. आपला माणूस आहे ना शोधायला." रविवार आला की त्यांचा फोन येई, "आज कोणी येणार आहे का गं? चिवडा करू?" मी म्हणायचे, दिवाळीत कोणी घरं बघत नाही. दिवाळी झाली. मग म्हणायचे, थंडीत मंदी असते. थंडीचा आणि घरांचा काय संबंध, हे त्यांनी विचारलं नाही. जिना तसाच होता. दिवसेंदिवस ते वर जायला जास्त वेळ लावत होते, आणि मधल्या पायरीवर कठड्याला धरून थांबत होते.

मी एकदा चाचरत म्हटलं, "तो पहिला हेल्मेटवाला आला होता, त्याला विचारू का?"

"तो? चहाला नाही म्हणणारा?" बाबा म्हणाले. "घर विकलं नाही तरी चालेल."

त्यांचं मन वळवायचं तर सगळं सांगावं लागणार होतं. त्यांना फसवलं गेलं, हे मी सांगू शकले असते. पण त्यांचा चिवडा खाऊन लोक मनात हसत होते, हे कोणत्या तोंडाने सांगणार? मला ते जमलं नाही. ते पुन्हा घसरतील या भीतीने मला झोप लागत नव्हती आणि तरी जमलं नाही.

मार्गशीर्षात खालच्या घराची वास्तुशांत निघाली. रविवार होता. मी ठरवलं होतं, पटकन जायचं, तीर्थप्रसाद घ्यायचा, वर यायचं. तेवढ्यात वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, "बाबा आलेत." कधी न सांगता येत नाहीत, नेमके त्या दिवशी आले. मी धावत खाली गेले. हातात स्टीलचा मोठा डबा. "इकडे आता कोणी येत नाही, चिवडा उरतो," ते म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला आणून द्यावा."

लिफ्टमध्ये मी आमच्या मजल्याचं बटण दाबलं. पण खालच्या मजल्यावर पाहुण्यांची ये-जा चालू होती. लिफ्ट तिथेच थांबली आणि दार उघडलं. समोर तोरण, रांगोळी, चपलांचा ढीग, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या माझ्या सहकारी बाईंच्या सासूबाई. त्यांनी बाबांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि टाळी वाजवली.

"हाऊ तोच बाबा शे ना? चिवडावाला?"

बाबांचा चेहरा उजळला. "अहो, तुम्ही! इंदिरानगरला आला होतात की! इथे कशा?" आणि मी त्यांचा दंड धरेपर्यंत ते लिफ्टमधून बाहेर पडून घरात गेलेसुद्धा.

सहकारी बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बाबांना बघून आधी हसल्या. मग त्यांनी मला बघितलं, माझ्या हाताने बाबांचा दंड धरलेला बघितला, आणि मी म्हटलं, "हे माझे वडील." त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. त्यांच्या नवऱ्याला मात्र कळलं नाही. ते सोवळ्यात होते, भोळेपणाने पुढे आले, बाबांना वाकून नमस्कार केला.

"काका, तुमच्या चिवड्याची आठवण काढतो आम्ही! तुमच्याकडे खाल्लं आणि सरळ इथे आलो. एजंट म्हणालाच होता, आधी तिकडे जाऊ, ते बघितलं म्हणजे हे पसंत पडेल. आणि तसंच झालं बघा."

"अहो," बाई म्हणाल्या. "अहो, थांबा."

बाबांनी त्या गृहस्थांकडे बघितलं. मग मान वळवून खिडकीकडे बघितलं, जिच्यातून हवा येते का ते त्यांनी स्वतः तपासलं होतं. मग मशीनच्या जागेकडे. तिथे आता फ्रिज होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघू शकत नव्हते, तरी बघत होते.

"चांगलं घर घेतलंत," बाबा म्हणाले. आवाज अगदी सरळ होता. "हवा आहे. लिफ्ट आहे. सुखाने राहा." आणि हातातला डबा त्यांनी सासूबाईंच्या मांडीवर ठेवला.

सहकारी बाई आत पळाल्या आणि तितक्याच घाईने कपबशी घेऊन बाहेर आल्या. बशीत चहा हिंदकळत होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "बाबा, बसा ना. एवढा चहा तरी घ्या. आम्हाला माहीत नव्हतं हो."

"नको," बाबा म्हणाले.

मी उभ्या जन्मात हा शब्द त्यांच्या तोंडून चहाच्या बाबतीत ऐकला नव्हता. ताप असताना नाही, आई गेली त्या दिवशीही नाही. त्यांनी त्या बाईंच्या डोक्यावर हात ठेवला. "तुमच्यावर राग नाही. खरंच नको." आणि ते लिफ्टकडे चालायला लागले.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. एक मजला जायला किती वेळ लागतो? बाबा समोरच्या दाराकडे बघत होते. "तुला कधीपासून माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नवरात्रापासून."

त्यांनी मान हलवली. दार उघडलं तरी बाहेर पडले नाहीत, त्यांनी पायाने दार अडवून धरलं. "त्या हेल्मेटवाल्याला फोन लाव," म्हणाले. "आत्ता लाव."

तो पुढच्याच आठवड्यात आला. तसाच, हेल्मेट काखेत. मीही गेले होते, काहीतरी बिनसू नये म्हणून. दाराशी तांब्या नव्हता. बाबा सदऱ्यावर जुना स्वेटर घालून उभे होते. त्यांनी चहा विचारला नाही, पाणी विचारलं नाही. त्याला थेट वर मागच्या खोलीत घेऊन गेले, आणि मी नको नको म्हणत असताना स्वतःच खांदा लावून कपाट ढकलायला लागले. हेल्मेटवाल्याने पहिल्यांदा हेल्मेट खाली ठेवलं आणि दुसऱ्या बाजूने हात लावला. कपाट सरकलं. बाबांनी भिंतीवर तळवा ठेवला, धापा टाकत जरा वेळ तसाच ठेवला आणि म्हणाले, "ही बघा ओल. तुम्ही सांगितलं होतं. आता काय करायचं ते सांगा."